तीन इंच दोन सूत

कोल्हापूरच्या सुभाषनगरात दुपार कलते आहे. बोळाच्या दोन्ही अंगांना घरं, आणि बऱ्याच घरांच्या पुढच्या खोलीत चपलांचं काम. एका दारातून हातोडीचे ठोके ऐकू येतात, पुढच्या दारातून टीव्हीवरची मालिका. ओल्या चामड्याचा तुरट वास बोळभर भरून राहिला आहे.

मी ज्या दारात बाकड्यावर बसलो आहे, तिथले मामा जमिनीवर मांडी घालून कामात आहेत. समोर लाकडाचा ठोकळा, त्यावर रापी, दोन आऱ्या, हातोडी. उजव्या हाताशी पाण्याची कुंडी आणि तिच्यात भिजत पडलेले तळाचे तुकडे. आतल्या उंबऱ्याशी मामी बकरीच्या पातळ कातड्याच्या पट्ट्यांची वेणी घालताहेत. भिंतीवर नंबरवार पुठ्ठ्याचे साचे टांगलेत, वर्षानुवर्षं हाताळून कडा काळ्या झालेले.

दारात एक बाई येतात. गळ्यात शाळेच्या ओळखपत्राची दोरी, हातात फुगलेली कापडी पिशवी. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच त्या पिशवी उंबऱ्यावर रिकामी करतात. तीन जोड बाहेर येतात : एक कोल्हापुरी, एक पट्ट्याची सँडल, एक चालण्याचे बूट.

“मामा, पाच नंबर लांबीला बरोबर बसतो, पण चालताना पायातून निघतो. चार घेतला की बोटं बाहेर येतात. दुकानदार म्हणतो, तुमचा पायच बारीक आहे. आता पाय बदलून आणू का?”

मामी हसतात. मामा चपलांकडे बघतसुद्धा नाहीत.

“ताई, पाय दावा आधी.”

बाई जरा संकोचतात, मग साडीचा घोळ सावरून पाऊल पुढे करतात. लांब बोटं, अरुंद चवडा, मागे निमुळती टाच. मामा हात न लावता वाकून बघतात आणि आरीच्या मुठीने एकेक जागा दाखवत जातात. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात कातडी जाड झालेली. दुसऱ्या बोटाच्या पेरावर कुरूप. पायाची बाकीची बोटं उभ्याउभ्याच किंचित आकसलेली.

“बोटांनी चप्पल धरून चालताय तुम्ही.”

बाई गप्प. बहुधा हे त्यांना कुणी आजवर सांगितलेलं नाही.

मामा त्यांचीच कोल्हापुरी उचलून मला दाखवतात. पायाला धरून ठेवायचं काम पट्ट्याचं. अंगठ्यानं फक्त दिशा द्यायची. पट्टा सैल असला की पाऊल दर पावलाला पुढे घसरतं आणि सगळा भार अंगठ्याच्या त्या चिमुकल्या वादीवर येतो. बेचकं सोलवटतं. चप्पल निसटू नये म्हणून बोटं आपोआप आवळली जातात, दिवसभर, हजारो वेळा. संध्याकाळी पोटऱ्या दुखतात आणि माणूस म्हणतो, आज फार चालणं झालं.

“बरं झालं दुपार कलल्यावर आलात,” मामा म्हणतात. “सकाळचा पाय खोटा असतोय. दिवसभर उभं राहिलं की पाय भरतोय. खरं माप संध्याकाळचं.”

मुलाच्या वहीतला कोरा कागद जमिनीवर अंथरला जातो. बाई बाकड्यावर बसायला लागतात तसे मामा हात वर करतात. “बसून न्हाई. हुबं ऱ्हावा. वजन दोन्ही पायांवर सारखं.” बसलेल्या माणसाचा पाय हलका असतो, उभं राहिलं की कमान जराशी बसते, पाऊल लांबतं आणि पसरतं. मामा पेन्सिल अगदी सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ फिरवतात. पेन्सिल आत कलली तर माप कमी येतं, बाहेर कलली तर जास्त. मग दुसऱ्या पायाचीही रेघ. डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित लांब निघतं. बाई चकित होतात. मामांना त्याचं काहीच नाही. दोन्ही पाय सारखे असलेलं गिऱ्हाईकच दुर्मीळ.

फूटपट्टी लागते. लांबी सव्वानऊ इंच. चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी तीन इंच दोन सूत. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे सव्वातीन. मामा भिंतीवरचा पाच नंबरचा साचा काढून त्या रेघेवर ठेवतात. टाचेला आणि बोटांना साचा चपखल जुळतो. दोन्ही बाजूंना मात्र कागदाच्या रेघेबाहेर पुठ्ठा डोकावतो. सगळी तक्रार त्या दोन पांढऱ्या फटींत दिसते आहे.

आपल्या बाजारात पाच, सहा, सात असे जे नंबर चालतात ते ब्रिटिश पद्धतीचे, आणि ते लांबीचे आहेत. एका नंबरापासून पुढच्या नंबराचं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आतबाहेर. रुंदीबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. ती कारखानदारानं साच्यात धरलेली असते, आणि तो ती धरतो बहुसंख्यांच्या पायावरून.

त्या बहुसंख्यांत बाई बसत नाहीत, हे मोजणीवरूनही दिसतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पायांची मापं घेतली, तीही त्रिमितीय स्कॅनरनं. भारतीय पाऊल सरासरीनं युरोपीय पावलापेक्षा रुंद आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यावरून ‘भ’ नावाची, आठ गटांची देशी आकारपद्धती सुचवली गेली. अरुंद बुटांत रुंद पाय कोंबणाऱ्या लाखो लोकांची तिनं सोय व्हावी. बाईंच्या पायाला मात्र त्या रुंद साच्यात आणखीच जागा उरेल.

मी हे सांगतो तेव्हा मामा वादी दातात धरून ओढताहेत. ती सोडून म्हणतात, “लाख लोकांचं माप घेतलं हे चांगलंच हाय. पण चप्पल शेवटी एकाच्याच पायात जाती.”

आता ते कोल्हापुरी हातात घेतात. चपलेच्या दोन्ही बाजूंना तळाच्या दोन थरांमधून वर आलेले चामड्याचे जे पंख असतात त्यांना कान म्हणतात. पट्टा त्या कानांना शिवलेला असतो. खिळा कुठेच नाही. सगळी शिलाई चामड्याच्या वादीची. म्हणूनच ती उसवता येते. रापीच्या टोकानं मामा बाहेरच्या कानाजवळचे टाके कापतात, थर हलकेच उकलतात आणि ओलं फडकं त्या जागेवर दाबून ठेवतात. कोरड्या चामड्यात आरी घातली की ते चिरतं. पाणी मुरायला वेळ द्यावा लागतो.

तेवढ्यात मामा मला चामड्याचा एक तुकडा देतात. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं हे कातडं. ओलं असताना ते हवं तसं वळतं आणि वाळलं की दिलेला आकार धरून ठेवतं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं बाजारी चामडं मऊ असतं, पण असा आकार धरत नाही. कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते आणि मग पायाची होते, त्याचं कारण या कमावण्यात आहे. घामाची ओल आणि पायाची ऊब मिळाली की पट्टा ज्याच्या त्याच्या चवड्याचा आकार घेतो. पण तो ताणला जाऊन आकार घेतो. मुळातच सैल असलेला पट्टा कधीच घट्ट होत नाही.

“ताई, पाय घाला.”

बाई उसवलेल्या चपलेत पाय घालतात. मामा कान दोन थरांमधून आत ओढतात, पट्टा चवड्यावर बसेपर्यंत. “बोट जातंय का बघा पट्ट्याखाली.” करंगळी जाते. आणखी ओढतात. आता करंगळीही अडते. “दुखतंय?” “दुखत नाही. आवळतंय.” “मग बराबर हाय. आठ दिसांत सुटंल.” आरीच्या टोकानं खूण होते.

बाहेरचा कान दीड सूत आत जातो. आतल्या बाजूचा फक्त अर्धा. दोन्ही सारखे का नाहीत, असं मी विचारतो. मामा अंगठ्याच्या वादीवर बोट ठेवतात. आतल्या बाजूनं जास्त ओढलं तर पट्टा तिरपा होतो, अंगठ्याची सरळ रेघ मोडते आणि चालताना अंगठा आत वळतो. घ्यायचं ते बाहेरून, आतून फक्त तोल सांभाळण्यापुरतं.

जादा कान रापीनं कापला जातो. हातोडीचे चार ठोके, नवी भोकं, त्यांतून ओली वादी, प्रत्येक टाक्याला एक झटका. जुनी भोकं थरांमध्ये दडतात.

दारात एक जोडपं थबकतं. देवदर्शन करून आलेलं, कपाळाला मळवट, हातात प्रसादाची पिशवी. तरुण मोबाइल पुढे करून विचारतो, “हीच का ती प्राडावाली?”

“प्राडाची न्हवं. सुभाषनगरची,” मामी वेणीवरची नजर न काढता म्हणतात.

जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोत कोल्हापुरीसारख्या सँडल झळकल्या आणि त्यांच्या मूळ गावाचं नाव न घेतल्यावरून मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून हा प्रश्न इथे रोजचा झाला आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नावाला आणि पद्धतीला कायद्याचं संरक्षण आहे. ती पायात नीट बसेल की नाही, ते अजूनही खुणेच्या त्या टोचणीवर ठरतं.

जोडपं दोन जोड घेतं. तरुणाला पट्टा घट्ट वाटतो, तो मोठा नंबर मागतो. मामा त्याचा रुंद पंजा बघून देतात. त्याच्या बायकोलाही तसाच सैल जोड हवा असतो. तिला ते ठाम नाही म्हणतात आणि एक नंबर खाली उतरवतात. पाय बघितल्याशिवाय इथे नंबर बोलला जात नाही.

आतून मामांचा मुलगा येतो. राजारामपुरीत बुटांच्या दुकानात कामाला आहे, आज सुट्टी. बुटांचा विषय निघाल्यावर मामा ते काम त्याच्याकडे सरकवतात. तो बाईंना बूट घालून लेस नेहमीसारखी बांधायला सांगतो. बाई ओढून बांधतात. लेसच्या भोकांच्या दोन रांगा एकमेकींना टेकतात.

“इथंच कळतं,” तो म्हणतो. “बांधल्यावर दोन रांगांत दोन बोटांची फट ऱ्हायला पाहिजे. रांगा भेटल्या म्हणजे बूट तुमच्या पायापेक्षा रुंद. आणखी ओढायला जागाच नाही.”

“मग दुकानात अरुंद बूट का ठेवत नाही तुम्ही?”

“ताई, एका डिझाइनचे सहा नंबर ठेवायचे. प्रत्येकात तीन रुंद्या ठेवल्या तर अठरा जोड. रंग दोन असले तर छत्तीस. कोण एवढा पैसा अडकवणार?”

त्याला त्याचा विषय ठाऊक आहे. अमेरिकेत रुंदीला अक्षरं आहेत, तो सांगतो : बायकांची नेहमीची रुंदी बी, अरुंद पाऊल डबल ए, पुरुषांची नेहमीची डी, अरुंद बी. लांबी आणि रुंदी एकदम मोजणारं ब्रॅनॉक नावाचं धातूचं माप तिथल्या दुकानांत १९२०च्या दशकापासून वापरात आहे. न्यू बॅलन्ससारख्या काही कंपन्या एकाच बुटाच्या तीन-चार रुंद्या काढतात. कुणी नातेवाईक परदेशातून येणार असेल तर डब्यावरचं ते अक्षर बघून आणायला सांगा, असा त्याचा सल्ला आहे. पण आज हातात आहे तो बूट बसवायचा.

तो बुटातला इनसोल बाहेर काढतो, त्याच्याखाली तसाच एक पातळ इनसोल कापून घालतो आणि पहिला वर ठेवतो. पाऊल बुटात जरा वर उचललं जातं. वरची बाजू निमुळती असल्यानं रिकामी जागा कमी होते. मग बुटाच्या जिभेच्या आतल्या अंगाला नमद्याचा एक पातळ तुकडा चिकटवतो. तो तुकडा पाऊल मागे टाचेकडे ढकलतो. टाचेच्या मागे गादी लावू का, असं बाई विचारतात. तो मान हलवतो. मागे गादी लावली की पाय पुढे सरकतो, लांबी खाल्ली जाते आणि नखं पुढे आपटतात. अंगठ्याचं नख काळं पडतं ते असंच.

शेवटी लेस. सगळ्यात वरची जी जादा भोकं बहुतेक लोक रिकामी सोडतात, त्यांतून तो लेस त्याच बाजूला परत आत घालून छोटा फासा करतो. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की उजवी लेस डाव्या फाशातून, डावी उजव्या फाशातून, आणि खाली दाबून ओढायची. बुटाची मागची बाजू घोट्याखाली आवळते. बाई उठून चार पावलं टाकतात. टाच आता बुटाबरोबर उचलली जाते आहे. दोन रांगांमध्ये बोटभर फट दिसते.

“दोन बोटं नाही झाली,” बाई म्हणतात.

“एक झाली, हेच खूप. उरलेलं नवीन बूट घेताना. पुढच्या वेळी निमुळत्या टाचेचा बघून घ्या, आणि रांगा कुठवर येतात ते दुकानातच बांधून बघा.”

सँडल उरली आहे. मामा ती वळवून-वाकवून बघतात आणि बाजूला ठेवतात. “हे होत न्हाई.” पुढचा पट्टा एकसंध रबरी तळात चिकटवून टाकलेला; उसवायला शिलाईच नाही. मागच्या पट्ट्याला बक्कल आहे, तिथे टोच्यानं दोन जादा भोकं पाडून मिळतात. पुढच्या पट्ट्याच्या आत मऊ चामड्याचं अस्तर चिकटवता येईल, तेवढ्यानं थोडी पकड येईल. बाकी काही नाही. बाईंनी या सँडलला कोल्हापुरीच्या दुप्पट पैसे मोजलेत. त्या काही बोलत नाहीत, पण सँडल पिशवीत तळाशी जाते.

आता नव्या जोडाची मागणी. कागदावर बाईंचं नाव, तारीख, दोन्ही पायांच्या रेघा, त्यांवर मामांच्या अक्षरात लांबी, रुंदी आणि चवड्याभोवती फिरवलेल्या फितीचा घेर. तळ साच्यापेक्षा अरुंद कापायचा, कारण रुंद तळावर अरुंद पाऊल बसवलं की कडा दोन्हीकडे उघड्या राहतात आणि टाच एका बाजूला कलते. कान शिवण्याआधी एकदा पाय घालून बघायला यायचं. “फोनवर माप सांगितलं तर चालेल का?” “चालंल. चप्पल मग फोनलाच घाला.” मामी पुन्हा हसतात.

दुरुस्त झालेली कोल्हापुरी बाईंच्या हातात येते. अजून ओलसर आहे. सावलीत वाळवायची, उन्हात टाकली तर चामडं तडकतं. वाळल्यावर पट्ट्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, तळाला नाही. पावसात घालायची नाही, भिजलं की शिलाई सैल होते आणि आज आत घेतलेला कान पुन्हा बाहेर यायला लागतो. पहिला आठवडा रोज थोडा वेळच घालायची. बेचक्यात टोचलं तर आधी पट्टा बघायचा, अंगठ्याची वादी सैल करत बसायचं नाही.

पण बाई ती न घालता कशा जातील? ओल्या चपलेतच त्या बोळात उतरतात. येताना टाच आपटल्याचा जो फटफट आवाज होता, तो आता नाही. बोटं पुढे सरळ पसरलेली. दहा पावलं जाऊन त्या परत येतात आणि विचारतात, “किती द्यायचे?”

“दोन्ही चपलांचे कान आत घेतले. शंभर द्या.”

“इतके?” हा शब्द त्यांच्या तोंडातून सवयीनं निघतो. मग त्या कुंडीकडे, कापलेल्या टाक्यांकडे, आरीकडे बघतात आणि नोट काढून ठेवतात. नव्या जोडाचा विसारही देतात.

बारीक पायाच्या वाचकांनी यातून घ्यावं ते इतकंच. खरेदीला संध्याकाळी जा, माप उभ्यानं आणि दोन्ही पायांचं द्या, आणि नंबर फक्त लांबीवरून ठरवा. सैल होतं म्हणून छोटा नंबर घेणं हा उपाय नव्हे, त्यानं बोटं वाकडी होतात. शिलाई उसवता येईल अशी चप्पल आणि लेस असलेला बूट निवडा. तळात चिकटवून टाकलेला पट्टा कुणालाच आत घेता येत नाही. पट्टा आत घेऊन मागा, आणि त्या हातकामाचे पैसे घासाघीस न करता द्या.